ईशान्येकडे तोंड करून

आमच्या घरमालकांचे जवळचे म्हणावेत असे सगळे लोक हजार वर्षांपूर्वी वारले होते, हे कळायला मला अख्खा एक हिवाळा लागला.

तोवर मी समजत होते, माणसाचा गोतावळा मोठा आहे. जिन्यात गाठ पडली की सांगायचे, "आमच्या बसऱ्याच्यांनी खलिफाला शब्द दिला, नाईल नदीला बांध घालतो म्हणून. वर जाऊन नदी पाहिली तेव्हा कळलं, हे आपल्या बापाच्याने होणार नाही. खलिफा तऱ्हेवाईक. मग वेडाचं सोंग घेतलं. घरातच कैद झाली." मी हळहळले. आखातात नोकरीला गेलेले त्यांचे कुणी चुलते असतील, तिकडे काय भानगड झाली असेल, असं मनाशी धरून मी पुढच्या आठवड्यात विचारलं, "काका, ते बसऱ्याचे सुटले का हो?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सुटले. खलिफा मेल्यावर. त्याला हजार वर्षं झाली."

तोवर मी सांगलीला सासूबाईंना फोनवर सगळं सांगून मोकळी झाले होते, आणि त्यांनी त्या बिचाऱ्या कैद्यासाठी शनिवारी मारुतीला तेल वाहिलं होतं. प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्या त्या थोर गृहस्थांना सांगलीच्या मारुतीचं तेल पोचलं की नाही, ठाऊक नाही. काकांना मात्र ही हकिगत पुढे आयुष्यभर पुरली.

आम्ही कोलंबसला, ओहायोत, त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. नवरा युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत होता आणि मी त्याच्यामागून आलेली बायको होते. सामानात दोन पैठण्या, एक कुकर आणि रुमालात गुंडाळलेलं सुवर्णपदक. बी.एस्सी. गणित. ते पदक मी इथे कुणाला दाखवणार होते देव जाणे, पण गाढवाला आपल्या पाठीवरची झूल आवडते तसं माझं होतं.

काका दापोलीकडचे. कोकणी मुसलमान. एका छोट्या कॉलेजात गणित शिकवायचे आणि उरलेला वेळ बगदाद, बसरा, ख्वारिज्म, कॉर्डोबा इथल्या जुन्या शास्त्रज्ञांच्या संगतीत घालवायचे. त्यांची नावं घ्यायचे नाहीत. "मोठ्या माणसांना नावानं हाका मारायच्या नसतात," म्हणायचे. कोकणात जसं गुहागरचे मामा, खेडचे भाऊजी म्हणतात, तसं त्यांचं बसऱ्याचे, ख्वारिज्मचे, कॉर्डोब्याचे. ख्वारिज्मच्यांवर विशेष जीव. त्यांनी एका डोंगरावर उभं राहून क्षितिज किती खाली झुकतं ते मोजलं आणि तेवढ्यावरून पृथ्वीचा घेर काढला. हिंदुस्थानात येऊन संस्कृत शिकले. "ज्या सुलतानाबरोबर आले तो सोनं घेऊन गेला," काका म्हणायचे, "आमचे पंचांग घेऊन गेले. बदनाम दोघं सारखेच."

माणूस गोड नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. मेल्यावर सगळ्यांना गोड करून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे, पण काका तिरसट होते, अहंमन्य होते, आणि दुसऱ्याची चूक दिसली की त्यांचा चेहरा उजळायचा. रडणाऱ्यालाही सोडायचे नाहीत. पहिल्या थंडीत मी आईच्या आठवणीने पायरीवर बसून रडत होते, तर म्हणाले, "आधी मोज, मग रड. किती मैलांसाठी रडतेयस ते तरी माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. त्यांनी आत नेऊन गोलीय त्रिकोण मांडायला लावला. उत्तर येईपर्यंत रडणं विसरले, आणि उत्तर आल्यावर जास्त रडले.

काकी याच्या अगदी उलट. पहिल्याच दिवशी मी त्यांना चाची म्हटलं, तर हसल्या. "चाची सिनेमातली गो. आमच्यात काकीच म्हणतात." स्वयंपाकघरात त्यांचा झारा, किसणी आणि त्याच ओळीत खिळ्याला काकांचं ॲस्ट्रोलेब टांगलेलं. म्हणजे पितळेची ताटलीएवढी चकती, तिच्यावर फिरणारी दुसरी जाळीदार चकती. ताऱ्याची उंची घेऊन वेळ आणि दिशा काढायचं जुनं यंत्र. काकांनी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये स्वतः कातून केलेलं. काकी झारा काढायला गेल्या की यंत्र वाजायचं आणि काका आतून ओरडायचे, "हळू, आकाश आहे ते." काकी म्हणायच्या, "आकाशाला सांगा, भजी तळतेय."

मला एकदा म्हणाले, "तिकडे सीरियात, हलब गावात एक बाई होती. बापाकडून शिकली आणि दरबारासाठी अशी यंत्रं बनवायची. हजार वर्षांपूर्वी. आणि तू सुवर्णपदक घेऊन पोळ्या लाटतेस." मी आतून पेटले. पण मी तेव्हा फार सुसंस्कृत होते. म्हणजे राग आला की पोळी पातळ लाटायची.

आता माझ्या उपासाची गोष्ट. मी संकष्टी करत असे. सासूबाईंनी बजावलं होतं, चंद्र उगवल्याशिवाय जेवायचं नाही. मी आज्ञाधारक. चंद्र उगवला की त्या सांगलीहून फोन करायच्या, "दिसला गं, जेवून घे." तिकडे रात्री नऊ, म्हणजे इथे सकाळचे साडेदहा. मी आठला उठायची, साडेदहाला मोदक खायची, आणि दिवसभर सगळ्यांना सांगत फिरायची की आज माझा कडक उपास होता.

काकांनी हे ऐकलं आणि खुर्चीत मागे रेलले. "हा उपास आहे की न्याहारी?"

"पंचांगात तसंच आहे," मी ठसक्यात म्हटलं.

"पंचांग पुण्याचं. चंद्र पुण्याचा. भूक मात्र ओहायोची?"

त्यांनी कोष्टकं काढली, चकती फिरवली, आणि त्या रात्री इथला चंद्र कधी उगवणार ते कागदावर लिहून दिलं. मी खिडकीत उभी राहिले. बरोबर त्या वेळी शेजाऱ्याच्या गॅरेजवर तांबडा चंद्र आला. त्या दिवसापासून मला संकष्टीला खरी भूक लागायला लागली. सासूबाईंना मी हे कधीच सांगितलं नाही. त्या शेवटपर्यंत फोन करत राहिल्या आणि मी "हो, जेवते" म्हणत राहिले.

असा माणूस स्वतःच्या लोकांना सोडेल, ही आशा करू नये.

तिथल्या मुसलमान मंडळींनी बंद पडलेलं एक फर्निचरचं दुकान घेऊन मशीद केली होती. नमाज मक्केकडे तोंड करून पढायची, तर मक्का कुठे? वडीलधाऱ्यांनी भिंतीवरचा जगाचा नकाशा पाहिला. मक्का आपल्या पूर्वेला, जरा खाली. म्हणून आग्नेयेकडे तोंड करून गालिचे अंथरले. काकांचं म्हणणं, आग्नेय नाही, ईशान्य. साफ दुसरीकडे.

मीही त्यांना शहाणपण शिकवायला गेले होते. "काका, नकाशात बघा की. अगदी उघड आहे."

"शिवायचा दोरा आण," ते म्हणाले.

मी लाल दोरा आणला. त्यांनी पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवला. एक टाचणी कोलंबसवर, एक मक्केवर. "ताणून धर. जिथून जवळ पडेल तिथूनच दोरा जाईल, त्याला नकाशा माहीत नाही." मी दोरा ताणला. तो सरकत वर गेला, न्यूफाउंडलंडवरून समुद्रात शिरला, फ्रान्सवरून खाली उतरला आणि मक्केला पोचला. निघताना सरळ ईशान्येला निघाला होता.

"मुंबईहून आलीस तेव्हा विमान कुठून आलं?"

"मी झोपले होते."

"ते दिसतंच आहे. वरून आलं. बर्फावरून. पृथ्वी गोल आहे हे तू पाचवीत शिकलीस. विश्वास कधी ठेवणार?"

मी पडेल आवाजात म्हटलं, "आमच्या वास्तुशास्त्रात ईशान्य दिशा देवाची असते."

"मग तुझ्या वास्तुशास्त्राला माझ्या बाजूने साक्षीला बोलाव. माझ्याकडचे लोक तर येत नाहीत."

त्यांनी कमिटीला हे सांगितलं, गोल दाखवला, दोरा दाखवला. एवढ्यावर भागलं नाही म्हणून मशिदीच्या पार्किंगमध्ये खडूने मोठं वर्तुळ काढलं, मधे काठी रोवली, सकाळी आणि दुपारी सावलीचं टोक वर्तुळाला कुठे शिवतं त्या खुणा केल्या. त्यावरून खरी उत्तर दिशा निघते. होकायंत्राची सुई इथे जरा पश्चिमेला झुकते, म्हणून तिच्यावर त्यांचा विश्वास नाही. "याला आमच्या लोकांनी नाव काय दिलं माहीत आहे? हिंदी वर्तुळ. हिंदुस्थानकडून घेतलं म्हणून हिंदी. घेतलं तर घेतलं म्हणून सांगायची पद्धत होती तेव्हा."

कमिटीचे अध्यक्ष हैदराबादचे, हृदयाचे डॉक्टर, सज्जन माणूस. ते खडूच्या रेघेच्या कडेकडेने चालत आले. "काका, आपकी बात सही भी होगी. मगर जिन बुजुर्गों ने ये दिशा तय की, आधे तो गुजर गये. अब बोलूं के उनकी नमाजें टेढी थीं? नीयत अच्छी हो तो सब कुबूल है."

"नीयत चांगली असली की पूल उभा राहतो का, डॉक्टर? तुम्ही ऑपरेशन नीयतीवर करता?"

डॉक्टर हसले आणि गाडीत बसले. पार्किंगमधलं वर्तुळ पावसाने धुऊन नेलं.

त्यानंतर काकांनी जे केलं ते मला नवऱ्याच्या एका मित्राने सांगितलं. तो तिथे जात असे. दर शुक्रवारी सगळ्या रांगा आग्नेयेला, आणि काका एकटे ईशान्येला. अख्ख्या तोंडात एकच दात वाकडा यावा तसे. वाकले की डोकं शेजाऱ्याच्या मांडीत. शेजारी कुरकुरले, तेव्हा कमिटीने त्यांना मागचा कोपरा दिला, चपलांच्या कपाटापाशी. तिथे ते वर्षानुवर्षं तिरके बसले. एरवी पाच वेळा नमाज पढणारा माणूस नव्हे. रमजानातसुद्धा दुपारी चहा प्यायचे, पडदा ओढून. देवावर किती श्रद्धा होती ते देवच जाणे, पण दिशेवर होती.

आमच्या मराठी मंडळातही मी त्यांना घेऊन गेले. मी तेव्हा मंडळाची कार्यकारिणी सदस्य, म्हणजे चहाच्या कपांची व्यवस्था माझ्याकडे. मोठ्या हौसेने त्यांचं भाषण ठेवलं, मध्ययुगातल्या मुसलमान शास्त्रज्ञांवर. लावणी आणि पुरणपोळी यांच्या मधली पंधरा मिनिटं. मला वाटत होतं, लोक थक्क होतील. लोक घड्याळ बघत होते. शेवटी पुण्याचे एक गृहस्थ उठले. "सगळं ठीक आहे हो. पण शून्य आमचंच ना?"

काका म्हणाले, "तुमचंच. आणि तुम्ही ते डोक्यात जपूनही ठेवलंय."

पुरणपोळीच्या रांगेत त्यांच्या मागेपुढे कुणी उभं राहिलं नाही. परत येताना गाडीत मी धुमसत होते. "असं बोलायची काय गरज होती, काका? मी तोंड कसं दाखवू तिथे?"

"कुठल्याही दिशेला दाखव. त्यांना कळणार नाही."

पुढे आम्ही डब्लिनला घर घेतलं. म्हणजे आयर्लंडचं नव्हे, कोलंबसचंच पलीकडचं उपनगर. मुलं झाली. काकांकडे जाणं मात्र सुटलं नाही, कारण माझ्या पोरांचं गणित. पोरं इंग्लिशमध्ये रडायची आणि काका मराठीत ओरडायचे, आणि दोघांचं एकमेकांना बरोबर समजायचं.

काकींची नमाजाची चटई स्वयंपाकघरात असायची, खिडकीपाशी. खिडकी आग्नेयेला. काका येताजाता पायाने चटई वळवून ईशान्येला करायचे. ते बाहेर गेले की काकी ती परत खिडकीकडे करायच्या. मी हे इतक्या वेळा पाहिलं की मला ती एक प्रकारची त्यांची बोलाचालच वाटायची. एकदा मी विचारलं, "काकी, त्यांचं गणित बरोबर आहे, मी करून पाहिलंय. मग तुम्ही का ऐकत नाही?"

"गो, हितून ऊन येतं," त्या म्हणाल्या. "आणि मी चुकले तर तो हाक मारील की. त्याला काय मी दिसत नाही?"

त्या गेल्या तेव्हा बाहेर स्वच्छ ऊन होतं. दफन त्याच दिवशी करायचं असतं. मशिदीने गावाबाहेरच्या कबरस्तानात एक तुकडा घेतला होता, आणि तिथल्या कबरी अर्थातच मशिदीच्याच दिशेने आखलेल्या. माणसाला उजव्या कुशीवर निजवतात, तोंड मक्केकडे. म्हणजे त्यांच्या हिशेबाने आग्नेयेकडे. मी आणि माझा नवरा गाड्यांपाशी उभे होतो. लोक खांद्यावरून काकींना घेऊन आले, आणि काकांनी कोटाच्या खिशातून पितळी चकती काढली.

सगळे थांबले. काकांनी यंत्र डोळ्यासमोर धरलं, सूर्याची उंची घेतली, चकती फिरवली, हाताने दिशा दाखवली. "खड्डा चुकला आहे. असा हवा."

डॉक्टर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, ये वक्त नहीं है."

"हीच वेळ आहे. नंतर तिला वळवता येईल का?"

काकींना खांद्यावर धरलेली माणसं पाय बदलत होती. तिरका खड्डा घेतला असता तर शेजारच्या कबरीत शिरला असता. ते काकांनाही दिसत होतं. नजर त्यांची भूमितीत मुरलेली. बराच वेळ यंत्र हातात धरून उभे राहिले, मग ते खिशात ठेवलं आणि बाजूला झाले. काकी त्यांच्या खिडकीच्या दिशेला तोंड करून निजल्या. आधी मोजायचं, मग रडायचं, हा त्यांचा नियम. त्या दिवशी मोजून झालं. रडायचं राहून गेलं, आणि माझ्या माहितीत पुढे कधी ते झालंच नाही.

काकींच्या शेजारची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. दर महिन्याला जायचे, दोन्ही जागांवरचं गवत काढायचे. स्वतःच्या जागेवरचंसुद्धा. मी म्हटलं, "काका, तिथे अजून कुणी नाही." म्हणाले, "भाडेकरू यायच्या आधी घर झाडतात."

मग मोबाईल आले. म्हणजे सगळं दाखवणारे मोबाईल.

एका शुक्रवारी काका नेहमीप्रमाणे मशिदीत गेले, चपलांच्या कपाटाशी आपल्या तिरक्या जागेवर बसले, आणि समोर पाहिलं तर सगळ्या रांगा त्यांच्यासारख्याच तिरक्या. गालिचे बदललेले. जमिनीवर नव्या चिकटपट्ट्या. मक्केची दिशा दाखवणारं ॲप कुणी फोनवर घेतलं होतं, मग सगळ्यांनी घेतलं, आणि सगळ्यांचे बाण ईशान्येला. कमिटीची बैठक एका चहात आटोपली. काकांना कळवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. शेजारच्या माणसाने तर त्यांचं कौतुक केलं, "अंकल, आज आप बिल्कुल सीधे बैठे हैं."

मला कळलं तशी मी पेढे घेऊन धावले. वय वाढलं तरी आमचा उतावळेपणा तसाच.

"पेढे कशाचे?" काका म्हणाले. "पृथ्वी गोल झाली त्याचे?"

"तुम्ही जिंकलात, काका."

"मी नाही. फोन जिंकला. आणि त्या फोनच्या पोटात कोण बसलंय? आपले ख्वारिज्मचेच. तीच सूत्रं, तोच त्रिकोण. हजार वर्षं दारात उभे होते, कुणी आत घेतलं नाही. आता खिशात बसून आले तर सगळे झुकले." पेढा मात्र खाल्ला. मग बोटं पुसत म्हणाले, "आता कबरीही वळवतील."

"बरंच झालं की," मी म्हटलं. सुवर्णपदक.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय बदलला. मला घराजवळच्या सिग्नलपर्यंत उमगलं नाही. आणि उमगलं तेव्हा सिग्नल हिरवा होऊनही मी गाडी पुढे घेतली नाही, मागचा माणूस हॉर्न वाजवत राहिला.

नव्या कबरी नव्या दिशेने, कबरस्तानाच्या पलीकडच्या टोकाला. जुन्या रांगा बंद, म्हणजे काकींच्या शेजारची राखलेली जागाही. काकांनी मला डॉक्टरांकडे घेऊन जायला सांगितलं, कारण तोवर त्यांचं ड्रायव्हिंग सुटलं होतं. मी तिथे बाजूला खुर्चीवर बसले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानाने ऐकलेलं आहे.

"मला जुन्या रांगेत जागा हवी," काका म्हणाले. "जुन्या दिशेने. तिच्या शेजारी."

डॉक्टर म्हातारे झाले होते. त्यांना खरंच वाईट वाटलं. "काका, इतने साल आप लडे. अब हमको सही दिशा मालूम है. जानबूझ के आपको गलत तरफ कैसे सुला दूं? जब मालूम नहीं था, तब की बात और थी."

"माझी नीयत चांगली आहे."

डॉक्टर खाली बघून म्हणाले, "आप ही बोलते थे ना, नीयत से पुल नहीं बनता."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग डॉक्टरच म्हणाले, "उसी जगह पे, चाची के बाजू में, सही दिशा से? हो सकता है?" आणि आशेने कागद पुढे सरकवला. काकांनी पेन घेतलं. काकींचा आयत काढला. शेजारी आपला आयत काढला, ईशान्येला वळवलेला. त्याचा कोपरा काकींच्या आयतात घुसला. लहान काढून पाहिला, तरी घुसला. आडवातिडवा सरकवला, तरी घुसला. दुसरा कुणी असता तर हात जरा थरथरू दिला असता, रेघ जरा आत घेतली असती. डॉक्टर बघतसुद्धा नव्हते. काकांनी रेघ आत घेतली नाही. कागद परत सरकवला.

"बसत नाही," म्हणाले. स्वतःच सिद्ध करून दिलं आणि उठले.

परतताना गाडीत म्हणाले, "बसऱ्याचे हुशार. वेळेवर वेड घेतलं त्यांनी. मला लोकांनी आयतंच वेडं ठरवलं होतं, तर मी शहाणपण सिद्ध करत बसलो."

ख्वारिज्मच्यांची एक गोष्ट ते नेहमी सांगत. मरणाला टेकले असताना भेटायला आलेल्या माणसाला त्यांनी वारसाहक्काचा एक अवघड प्रश्न विचारला. तो म्हणाला, या अवस्थेत? ते म्हणाले, न कळता जाण्यापेक्षा कळून गेलेलं बरं. त्याने समजावून सांगितलं, आणि तो रस्त्यावर पोचेतो मागून रडण्याचा आवाज आला. काका ही गोष्ट सांगताना डोळे मोठे करायचे. मला वाटतं, आपलंही असंच व्हावं, असा त्यांचा बेत होता. पण ख्वारिज्मच्यांना भेटायला विद्वान आला होता. काकांना भेटायला मी.

हॉस्पिटलमध्ये दुपारची वेळ होती. आवाज खोल गेलेला. म्हणाले, "एक प्रश्न आहे. एकाच जागेवरून दोन रेघा निघाल्या. एक आग्नेयेला, एक ईशान्येला. सरळ जात राहिल्या. पुढे काय होईल?"

मी त्यांचा हात धरून, डोळ्यांत पाणी आणून, सगळ्या सिनेमांतल्या सगळ्या सुनांसारखी म्हणाले, "दूर दूर जातील, काका."

त्यांनी डोळे मिटले. "अजून भिंतीवरचा नकाशाच आहे तुझ्या डोक्यात," म्हणाले.

मला उद्देशून हेच शेवटचं. इतक्या वर्षांच्या शिकवणीनंतर मी नापास झाले आणि परीक्षक उठून गेले.

त्यांना नव्या रांगेत ठेवलं. दिशा अगदी अचूक. डॉक्टरांनी स्वतः फोन हातात धरून तपासली. बऱ्याच लोकांनी डोळे पुसले, काका काळाच्या पुढे होते असंही कुणी म्हणालं. मधे गवताचा उतार, पलीकडे जुन्या रांगा. तिथे काकी. त्या आग्नेयेला बघतात, हे ईशान्येला. मी आता जाते तेव्हा दोन्हीकडचं गवत काढते. काकींच्या शेजारची जागा रिकामीच आहे, तिथलंही काढते.

मागच्या आठवड्यात नातीच्या अभ्यासाच्या टेबलावर पृथ्वीचा गोल दिसला. शिवणाच्या डब्यातून लाल आणि पांढरा असे दोन दोरे काढले. दोन्हींची टोकं एकाच टाचणीला बांधून ती टाचणी ओहायोत खोचली. कबरस्तान तिथे दिसण्याएवढंही नाही, त्यामुळे दोघांना एकच टाचणी पुरते. लाल दोरा ईशान्येला ताणला. तो मक्केवरून गेला, पुढे निघाला. पांढरा आग्नेयेला ताणला. तो मक्केच्या आसपासही फिरकला नाही, अटलांटिक ओलांडून पार आफ्रिकेच्या खालून गेला. दोन्ही सरळ ओढत राहिले. गोलाच्या पोटाखाली, खूप दक्षिणेला, हिंदी महासागरात दोन्ही दोरे एकमेकांवर आले. पुन्हा करून पाहिलं. पांढऱ्याची दिशा थोडी बदलून पाहिलं. तरी तिथेच. एका जागेवरून निघालेल्या कुठल्याही दोन सरळ रेघा गोलावर पुन्हा भेटतात, आणि बरोब्बर पाठीमागच्या जागी भेटतात. हे मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतं.

नात मागून वाकून बघत होती. "व्हॉट्स देअर, आजी?"

"काही नाही," मी म्हटलं. "पाणी."

"देन व्हाय आर यू लुकिंग ॲट इट?"

मी दोरे सोडवायला घेतले. उत्तर बरोबर आलं आहे. तपासायला कुणी नाही.